चार सेकंदांची शंका

माझ्यामुळे तीन क्षेपणास्त्रं पाण्यात गेली, असं गोंधळेकर बाई म्हणाल्या तेव्हा मला आधी हसू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी. गुडघे वाजतात, रक्तात साखर आहे, आणि बायको गेल्यापासून घर खायला उठतं म्हणून प्रयोगशाळेत येऊन खुर्ची उबवतो. माझ्यामुळे फार तर एखादा चहाचा कप फुटायचा.

"चेष्टा नाही करत, सारंगकाका," त्या म्हणाल्या. "तिन्ही चाचण्यांत लक्ष्य समोर होतं. तिन्ही वेळा क्षेपणास्त्रानं शेवटी नाक खाली केलं आणि सरळ समुद्रात बुडी मारली. बुडी मारण्याआधी त्यांनी जे कारण नोंदवलंय, ते तुमचं आहे."

"माझं म्हणजे?"

"तुमची शंका. जशीच्या तशी."

ईशिता गोंधळेकर आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. वय पस्तिशीचं, अक्कल सत्तरीची. डब्यातली अर्धी पोळी मला देतील, पण आकड्यात अर्धा गुण सोडणार नाहीत. त्या असं बोलल्या म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मी हसू आवरलं आणि त्यांच्यासमोर बसलो.

आता ही शंकेची भानगड काय, ते सांगायला हवं. जहाजावरून किंवा पाणबुडीतून सुटलेलं क्षेपणास्त्र पाण्यावरून जेमतेम तीन पुरुष उंचीनं धावतं. लक्ष्य क्षितिजाच्या पलीकडे असतं, म्हणून बराचसा रस्ता ते आंधळं जातं, नुसत्या हिशेबावर. शेवटचे वीसएक किलोमीटर उरले की त्याच्या नाकातलं रडार डोळे उघडतं. तिथून पुढे त्याच्याकडे सत्तर सेकंद असतात. समोर जे ठिपके दिसतात, त्यांतला कुठला युद्धनौका आणि कुठला मच्छीमार, हे तेवढ्यात ठरवायचं. जुनी क्षेपणास्त्रं काही ठरवत नसत. ज्याचा उजेड जास्त, त्याच्यावर जायचं, संपलं.

नव्यांना ठरवायला शिकवायचं, हा आमचा प्रकल्प. आधी प्रयोगशाळेनं चाळीस अनुभवी रडारवाल्यांना बसवून यंत्राला शिकवलं. यंत्र हुशार झालं आणि उर्मट झालं. गोंधळेकर बाईंनी त्यातली गोम शोधली. एक माणूस एका ठिपक्यापाशी अडखळतो, दुसरा दुसऱ्यापाशी. चाळीस जणांची सरासरी काढली की अडखळणं पुसूनच जातं. उरतो तो नुसता निकाल. मग त्यांनी ठरवलं, शिकायचं तर एकाच माणसाकडून, आणि त्याच्या उत्तरांबरोबर त्याचं अडखळणंही शिकायचं.

तो एक माणूस म्हणजे मी, मोरेश्वर सारंग. देवगडच्या खालच्या अंगाला आमचं गाव, सात पिढ्यांचा मासेमारीचा धंदा, आणि त्यावर आरमारात रडारपुढे घालवलेली वर्षं. चौदा महिने मला पडद्यासमोर बसवलं. डोळ्यांवर कॅमेरा, बोटाला नाडी मोजणारं टोपण. अकरा हजार हलती चित्रं बघितली. प्रत्येकाला 'युद्धनौका' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. माझं उत्तर काय, ते यायला किती वेळ लागला, त्या वेळात डोळा कुठे गेला, काळीज कितीदा धडधडलं, सगळं यंत्रानं टिपलं. शेवटपर्यंत शंका फिटली नाही तर क्षेपणास्त्रानं माघार घ्यायची, म्हणजे पाण्यात जायचं. कागदोपत्री याला 'विवेक' म्हणतात. मी म्हणायचो, बाई, विवेक कसला, म्हाताऱ्याची चाळिशी लावलीय तुम्ही त्याला.

"चाचणीतलं लक्ष्य म्हणजे जुनं भंगार जहाज होतं," बाई म्हणाल्या. "नांगरून ठेवलेलं. त्याच्या एका बाजूच्या टाकीत पाणी शिरलं होतं आणि ते एका अंगावर झुकून हलत होतं. मोठा उजेड, आणि ते तसं हलणं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की यंत्र थांबतं. बाकी सगळीकडे तुमचं उत्तर पाऊण सेकंदात येतं, इथे चार सेकंद. दर वेळी चार. नाडी एकशे तीसवर जाते."

"वय झालं."

"काका, अकरा हजारांत असं फक्त सदतीस चित्रांना झालंय, आणि ती सदतीसच्या सदतीस त्याच जातीची आहेत." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "यंत्राला उलटं विचारता येतं. तुला सगळ्यात जास्त शंका कशाची येते, ते काढून दाखव, असं. काल मी विचारलं. त्यानं हे काढलं."

पडद्यावर एक ठिपका आला. लांब उजेड, आखूड अंधार. सावकाश झुकून जरा टेकायचा, मग झटक्यात सरळ. परत लांब उजेड, आखूड अंधार.

मी पाणी मागितलं. बाईंनी बाटली पुढे केली. मी ती न उघडताच मांडीवर ठेवली.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

माहीत नसायला काय झालं. तो माझा भाऊ होता.

वामनदादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आईबाप लवकर गेले. मी सहावीत होतो तेव्हा वैजयंती वहिनी लग्न होऊन घरात आली, आणि या दोघांनी मला वाढवला. दादाकडे उलांडीची होडी होती. होडीच्या एका बाजूला दोन वाशांवर एक लांब ओंडका बांधलेला असतो, पाण्यावर तरंगणारा, होडी उलटू नये म्हणून. त्या ओंडक्याला उलांडी म्हणतात. अशी होडी दोन्ही बाजूंना सारखी हलत नाही. उलांडीकडे सावकाश झुकते, तिथे टेकते, आणि झटक्यात मागे येते. गावात फायबरच्या बोटी आल्या, इंजिनं आली. दादानं इंजिन घेतलं पण उलांडी सोडली नाही. म्हणायचा, बायको आणि उलांडी एकच बरी.

एका संध्याकाळी धुक्यात मालवाहू जहाज त्याच्या इतकं जवळून गेलं की होडीत पाणी भरलं. वहिनीनं मला फोन करून सांगितलं, तुझ्या भावाला दिवा तरी दे. मी म्हटलं, दिवा कशाला, रडारवर चमकेल असं काहीतरी देतो. आरमारात सरावासाठी तराफे असतात. त्यांच्यावर पत्र्याचे मोठे कोपरे बसवलेले असतात, तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले. खोलीच्या कोपऱ्यात चेंडू कसाही मारला तरी फिरून आपल्याकडेच येतो ना, तसंच रडारच्या लहरींचं होतं. हातभर पत्र्याचा कोपरा रडारला जहाजाएवढा दिसतो. साधा तराफा युद्धनौकेसारखा दिसावा आणि क्षेपणास्त्रानं त्याच्यावर जावं, म्हणून ती योजना. एक तराफा मोडीत निघाला होता. त्याच्यावरचा कोपरा मी सोडवून घरी नेला. दादानं तो होडीच्या काठीवर सुंभानं बांधला, वहिनीनं त्याला कुंकू लावलं, आम्ही नारळ फोडला.

"मोऱ्या, तुझो आरसो लावल्यापासून मोठमोठी जहाजां माका वाट सोडतत," दादा सांगायचा. "सरपंचाक पण इतको मान नाय."

मी खूश. भावासाठी काहीतरी केलं म्हणून छाती फुगलेली. ज्या वस्तूवर क्षेपणास्त्र सोडायचं असतं तीच मी त्याच्या डोक्यावर बांधलीय, हे माझ्यासारख्या माणसाला कळू नये, याला काय म्हणायचं? पण नाही कळलं. घरी गेलो की मी रडारवाला नसायचो, धाकटा भाऊ असायचो.

दीड वर्षानं, नोव्हेंबरात, आमच्या जहाजानं सराव धरला. भर दुपार, समुद्र तेलासारखा शांत. क्षेपणास्त्रात स्फोटकं नव्हती, नुसती मोजणी करणारी उपकरणं. सुटण्याआधी रेंजमध्ये, म्हणजे माऱ्याच्या टापूत, कुणी नाही ना, हे बघायचं काम माझं. मच्छीमारांना बंदी कळवलेली होती, पण सुरमई आली की दादा कुणाची बंदी मानायचा? पडद्यावर रेंजच्या कडेला एक ठिपका होता. मोठा, झगझगीत. लांब उजेड, आखूड अंधार.

"सारंग, रेंज?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मी बघत होतो.

"झोपलात काय, सारंग?"

"रेंज क्लियर, सर. कडेला एक मोठं जहाज आहे, बाहेर चाललंय."

क्षेपणास्त्राला तो ठिपका तराफ्याच्या आधी दिसला. उजेड जास्त, संपलं. माझ्या पडद्यावर तो एकदा चमकला आणि पुढच्या वेळी नव्हता. नोंदवहीत लिहिलं गेलं, लक्ष्य चुकलं, समुद्रात पडलं. त्या मोठ्या जहाजाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. तीननंतर वारा फिरला आणि रात्रभर समुद्र खवळलेला होता. तिसऱ्या दिवशी गावाहून फोन आला की दादा परतला नाही. सगळे म्हणाले, वाऱ्यानं नेला.

मी गावी गेलो, सगळ्यांबरोबर किनारा शोधत फिरलो आणि सगळ्यांबरोबर वाऱ्याला बोल लावला. भीती वाटली. नोकरीची, तुरुंगाची, आणि सगळ्यात जास्त वहिनीच्या डोळ्यांची. पहिल्या पंधरवड्यात सांगितलं असतं तर सांगितलं असतं. मग जितका उशीर झाला तितकं ते जड होत गेलं. बावीस वर्षं झाली.

महिन्याभरानं उलांडीचा ओंडका वाळूवर आला. बाकी काही आलं नाही. बारा वर्षांनी भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, जीव मोकळा होईल. वहिनीनं त्यांना ताक पाजून परत पाठवलं. तो ओंडका तिनं अंगणात ठेवलाय, त्याच्यावर बसून ती लोकांची फाटलेली जाळी शिवते. घरापासून पाणी पन्नास पावलांवर, पण त्या नोव्हेंबरापासून तिनं त्यात पाऊल घातलेलं नाही. नारळी पौर्णिमेला गाव नारळ सोडतं, ती दार लावून बसते. दर्याशी तिचा अबोला आहे. समुद्रावरून आलेल्या प्रत्येक माणसाला ती एकच प्रश्न विचारते: खंय? म्हणजे कुठे गेला, जागा सांगा. मलाही किती वेळा विचारलाय. मी ती जागा अंशांसकट पाठ म्हणू शकतो.

"काका," गोंधळेकर बाईंनी मला भानावर आणलं. "परवा शुक्रवारी दुपारी समितीची बैठक आहे. शनिवारी चोवीस क्षेपणास्त्रं पाणबुडीवर चढायची आहेत. पलीकडच्यांशी कधी जुंपेल सांगता येत नाही. ही खोट त्यांना कळली, तर ते एका टाकीत पाणी भरून एका अंगावर झुकत येतील आणि आपली चोवीसच्या चोवीस पाण्यात जातील. आपली माणसं मरतील."

"मग काय करणार?"

"हा सगळा भाग कापून टाकायचा. मोठा उजेड दिसला की थांबायचं नाही."

"आणि तो मोठा उजेड म्हणजे खरंच कुणी कोळी असला तर?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "होडीला एवढा उजेड कसा असेल, काका?"

मी मांडीवरची बाटली टेबलावर ठेवली.

"हे बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कशाची भीती आहे ते कळलं, तर भीती नेमकी तेवढीच ठेवता येते. नाही कळलं, तर सगळीच कापावी लागते. मला कारण द्या. लिहून, सही करून. कारणाशिवाय समिती एक अक्षर ठेवणार नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बावीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो. आणि या यंत्रानं, ज्याला भाऊ नाही, गाव नाही, त्यानं माझी मूठ उघडून पडद्यावर लावली होती. मी म्हणालो, उद्याची सुट्टी द्या, शुक्रवारी सकाळी सांगतो. कागदाला सांगायचं तर आधी वहिनीला सांगायला हवं होतं. तिच्याआधी कागदाला कळलं असतं तर मी अगदीच कामातून गेलो असतो.

गावाचा रस्ता चार तासांचा. गाडी आपली आपण चालते हल्ली, त्यामुळे हाताला काम नाही आणि डोक्याला उसंत नाही. मला सारखी ती पाणबुडी दिसत होती. तिच्या पोटात उभी नळकांडी, प्रत्येकात एक क्षेपणास्त्र, आणि प्रत्येकात वामनदादा. चोवीस वामनदादा, डोळे मिटून, पाण्याखाली. चौदा महिने मी त्या पडद्यासमोर बसलो तेव्हा मला वाटत होतं मी काम करतोय. मी त्याला शोधत होतो. दर वेळी तसा ठिपका आला की या वेळी तरी थांब, असं काळीज सांगायचं, आणि मी थांबायचो. माझ्या अंगातलं भूत मी यंत्रांच्या अंगात घालून आलो होतो.

पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पौर्णिमा दोन दिवसांवर, वाळूवर बोटींना रंग लागत होता. वहिनी अंगणात ओंडक्यावर बसली होती, मांडीवर जाळं, हातात सुई. अडुसष्ट वर्षांची आहे, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते.

"इलंस? असो मध्येच कसो? तब्येत बरी असा मां?"

"बरी असा. वयनी, ती सुय खाली ठेव. माका तुका कायतरी सांगूचा असा."

"हात चलतत, कान मोकळे असत. सांग."

मी उभ्या उभ्या सांगितलं. आरसा तराफ्यावरचा होता, तिथून सुरुवात केली. सराव, तो ठिपका, मी काय म्हणालो, आणि तो कसा विझला. तिचे हात मधेच कुठेतरी थांबले. मी संपवलं तेव्हा शेजारच्या बोटीवर कुणीतरी रंगाचा डबा ठोकत होतं, तेवढाच आवाज.

"खंय?" ती म्हणाली.

"दीपगृहाच्या नैऋत्येक. बारा मैल."

"तुका ठावक होतां."

"होय."

"बावीस वर्सां."

"होय, वयनी."

ती ओंडक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि आजच कित्या सांगतंस?"

म्हणून मी तिला यंत्राचं सांगितलं. क्षेपणास्त्र माझ्याकडून काय शिकलं, तीन कशी पाण्यात गेली, पडद्यावर काय आलं, आणि उद्या कारण दिलं नाही तर काय होईल. तिला सगळं कळलं. गावातल्या अर्ध्या बोटींवर आता पत्र्याचे कोपरे आहेत, बाजारात मिळतात.

"तीं यंत्रां त्येका वळखतत?" तिनं विचारलं.

"वळखतत. चोवीसच्या चोवीस."

"त्येका कधी बघूक नसताना?"

"होय."

तिनं मान वर केली. ज्या डोळ्यांना मी बावीस वर्षं घाबरलो ते हेच. "मगे तू कित्या नाय वळखलंस? तुझो भाव मां तो?"

या प्रश्नाला माझ्याजवळ एक उत्तर तयार होतं. उजेडानं फसलो, कुणीही फसला असता. ते खोटं नव्हतं. स्वतःला मी तेच देत आलो होतो. पण अकरा हजार चित्रांवर माझी नाडी नोंदलेली होती. यंत्राला जे कळलं ते या बाईपासून लपवायचं म्हणजे हद्द झाली.

"वळखलंय, वयनी," मी म्हणालो. "तो ठिपको उलांडीसारखो हलत होतो. पयल्याच सेकंदाक माका कळला, ही उलांडी असा. मगे वाटला, इतक्या उजेडाची होडी कशी असात? आरशाची याद येवक नाय. मी थांबलंय. चार सेकंद थांबलंय. मगे सायेब खेकसलो, झोपलात काय म्हणान. आणि मी सांगलंय, मोठां जहाज."

"तो खेकसलो म्हणान?"

"तो खेकसलो म्हणान."

ती उठली. जाळं ओंडक्यावर नीट घडी करून ठेवलं आणि आत गेली. मला वाटलं दार लावून घेईल. पण ती नारळ घेऊन बाहेर आली. शेजारीण दर वर्षी पौर्णिमेआधी तिच्या पायरीवर एक नारळ ठेवून जाते, आणि वहिनी दर वर्षी त्याची सोलकढी करते. तोच नारळ असावा. माझ्याकडे न बघता ती पाण्याकडे चालू लागली. बोटी रंगवणारी माणसं हातातले ब्रश धरून बघत राहिली.

पाण्याशी ती थांबली. मग पाऊल घातलं. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत गेली. मी मागे वाळूवर, पण तिचं बोलणं मला ऐकू येत होतं, आणि ते माझ्याशी नव्हतं.

"माझां चुकला, बाबा," ती दर्याला म्हणाली. "बावीस वर्सां तुका शिव्या घातलंय. फुकट तुझ्यार आळ घेतलंय. तू नेवक नव्हतंस त्येका."

मग मागे न वळता, "दिशा दाखव."

मी तिच्या बाजूला जाऊन हात लांब केला. दोनशे चाळीस अंश. तिनं माझं मनगट धरून त्या रेषेत बघितलं आणि लगेच सोडलं. नारळ पाण्यावर ठेवून पुढे ढकलला. लाटेनं तो परत आणला. तिनं परत ढकलला. तिसऱ्या खेपेला तो गेला. दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली, मग लुगडं पिळून माझ्या शेजारून घराकडे गेली. मी तिच्या मागे अंगणापर्यंत गेलो. चहा घे म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सुई उचलली आणि जाळं शिवायला लागली. दर्याशी बावीस वर्षांचा अबोला त्या दुपारी सुटला आणि माझ्याशी सुरू झाला. अजून आहे.

शुक्रवारी सकाळी मी गोंधळेकर बाईंसमोर बसून कारण लिहिलं. दोन पानं झाली. आरसा, उलांडी, ठिपका, माझं उत्तर, आणि खेकसणं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुसला नाही, नुसता ठेवला.

"हे समितीपुढे गेलं तर तुमची चौकशी लागेल, काका. जुनं प्रकरण उघडेल."

"उघडू दे. जिच्यापुढे उघडायचं होतं तिच्यापुढे काल उघडलंय."

मग त्या कामाला लागल्या. तासाभरात त्यांनी ते आखलं. उजेड मोठा पण लांबी होडीएवढी, मागे पाण्यावर फेसाचा पट्टा नाही, आणि ते तसं हलणं. तिन्ही एकत्र असतील तरच थांबायचं. मोठी नौका मुद्दाम झुकून आली तर क्षेपणास्त्र फसणार नाही. कापायची गरज उरली नव्हती.

"एकच राहिलं," त्या म्हणाल्या. "थांबायचं किती? समितीला दीड सेकंद पुरे वाटेल. चार सेकंदांत ते किलोमीटरभर पुढे जातं, माघार घ्यायला जागा कमी उरते."

"चार ठेवा."

"का?"

"पहिल्या सेकंदात तो ओळखू येतो, बाई. पुढचे तीन आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसायला लागतात. आणि तेवढ्यात मागून खेकसणारं कुणी नको."

त्यांनी 'चार' लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "यंत्रावर कोण खेकसणार, काका?"

"तेवढं त्यांचं नशीब," मी म्हणालो, आणि सही केली.